मानलेला आकडा आणि मोजलेला आकडा

काही वर्षांपूर्वी मातीपरीक्षणाची एक नोंदवही माझ्या पाहण्यात आली. वही नीटनेटकी होती, अक्षर वळणदार होते आणि प्रत्येक नमुन्यापुढील रकाने काळजीपूर्वक भरलेले होते. एकंदर चाळीस नमुने. काही नदीकाठच्या पोयट्याच्या जमिनीचे, काही काळ्या भारी जमिनीचे, तर काही माळावरच्या मुरमाड जमिनीचे. प्रत्येकाचा सामू वेगळा, क्षार वेगळे, सेंद्रिय कर्ब वेगळा. एकच रकाना मात्र असा होता, की ज्यात पहिल्या ओळीपासून चाळिसाव्या ओळीपर्यंत २.६५ हा एकच आकडा उतरविलेला होता. त्या रकान्याच्या माथ्यावर लिहिले होते : 'कणघनता'.

तेथील तरुण साहाय्यकास मी विचारले, "हे सर्व नमुने आपण कुपीत घालून पाहिले काय?" गृहस्थ प्रामाणिक होता. तो म्हणाला, "नाही सर. पुस्तकात हाच आकडा दिलेला आहे. आणि रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही."

त्याचे हे शेवटचे वाक्य मला विसरता आलेले नाही. त्या तरुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. रकाना रिकामा ठेवू देत नाही ती व्यवस्थाच येथे विचारात घेतली पाहिजे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या हाती तो कागद जातो, त्याला त्यातील कोणता आकडा यंत्रावर मोजलेला आणि कोणता पुस्तकातून उतरलेला हे कळावयास मार्ग नसतो. तो दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर पैसा खर्च करतो.

कणघनता म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. पायली भरून ज्वारी घेतली तर त्या मापात केवळ ज्वारी नसते. दाण्यादाण्यांमध्ये पोकळी असते व तीत हवा असते. पायली हलवून ठोकली की दाणे खाली बसतात आणि वर आणखी चार मुठी मावतात, हा अनुभव घरोघरी आहे. मापाच्या आकारावरून काढलेले वजन ठोकण्यावर अवलंबून राहते; परंतु खुद्द दाणा किती भरीव आहे, हे काही ठोकण्याने बदलत नाही. मातीचेही असेच आहे. पोकळीसकट एक घन सेंटिमीटर माती घेऊन तिचे कोरडे वजन काढले, तर ती झाली स्थूलघनता. पोकळी पूर्णपणे वगळून, केवळ कणांनी व्यापलेल्या एक घन सेंटिमीटर जागेचे वजन काढले, तर ती झाली कणघनता. पहिली नांगराने, पावसाने, ट्रॅक्टरच्या चाकाने व गुरांच्या खुराने बदलते. दुसरी बहुतांशी जमिनीच्या जन्माबरोबर ठरलेली असते.

या दोहोंचा संबंध आला म्हणजे जमिनीतील पोकळी किती ते निघते. स्थूलघनतेस कणघनतेने भागावे आणि तो भागाकार एकातून वजा करावा. जे उरेल ती सच्छिद्रता. हिशेब तिसऱ्या इयत्तेचा आहे. परंतु पाणी कोठे राहणार, हवा कोठून खेळणार, मुळ्या कोणत्या वाटेने उतरणार, याची सगळी गोष्ट त्या एका वजाबाकीत आहे.

आता एका वयस्क बागाइतदारांची हकीकत सांगतो. ऊस करणारी काळी जमीन, कालव्याचे पाणी, पिढ्यान्पिढ्या चांगले उत्पन्न. पण अलीकडे फुटवे कमी व खोडवा लवकर पिवळा पडणारा. त्यांनी मातीचे भौतिक परीक्षण करवून घेतले, ही गोष्टच मुळात दुर्मीळ. अहवालात स्थूलघनता १.४० होती व कणघनता २.४० होती. यावरून सच्छिद्रता निघाली ४१.७ टक्के. जमीन वाफशावर असताना तिच्या आकारमानाचा ३८ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आढळला होता. म्हणजे हवेसाठी उरले चार टक्क्यांहूनही कमी. हवेची जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली, की बहुतेक पिकांच्या मुळांना प्राणवायू अपुरा पडू लागतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तेव्हा सल्ला देणाऱ्याने जमीन गुदमरली असल्याचा निर्वाळा दिला आणि सबसॉयलर चालविण्यास सांगितले. म्हाताऱ्यांनी भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणून निम्म्या शेतात तो चालविला. उरलेल्या निम्म्याच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा ते माझ्याकडे कागद घेऊन आले.

"साहेब," ते म्हणाले, "जमीन आवळली म्हणतात. असेल. पण त्याच शेताच्या बांधावर मी खड्डा घेतला, तर पांढऱ्या मुळ्या दोन हात खाली गेलेल्या दिसतात. मग हवा नाही कशी?"

"तात्या, मुळ्या खोटे बोलणार नाहीत," मी म्हणालो. "कागदच पुन्हा तपासू."

दोष कोठे होता, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतील कृती पाहिली पाहिजे. ती थोडी सविस्तर देतो. कारण कृती ठाऊक नसल्यामुळे अहवालापुढे आपण सर्वजण मान डोलावतो.

या कामासाठी काचेची एक लहान कुपी असते. तिला पिक्नोमीटर म्हणतात. पन्नास मिलिलिटरची कुपी सोयीची असते. तिचे बूचही काचेचे असून त्यातून एक बारीक छिद्र आरपार गेलेले असते. कुपी काठोकाठ भरून बूच बसविले, की जास्तीचे पाणी त्या छिद्रातून बाहेर येते आणि कुपीत दर वेळी अगदी तेवढेच पाणी राहते. काठोकाठ भरलेल्या लोट्यात दगड टाकला, की दगडाच्या आकाराएवढे पाणी सांडते. कुपीत याच गोष्टीचा उपयोग करावयाचा, फक्त सांडलेले पाणी गोळा करून मोजण्याऐवजी वजनाच्या फरकावरून ओळखावयाचे.

वजने चार घ्यावयाची. समजा, कोरडी रिकामी कुपी भरली २४.३१६ ग्रॅम. तीत पूर्ण कोरड्या हिशेबाने १० ग्रॅम माती घातली. वजन झाले ३४.३१६. मग थोडे पाणी घालून मातीतील हवा काढून टाकली, कुपी पाण्याने पूर्ण भरली. वजन आले ८०.३७३. अखेर कुपी धुऊन केवळ पाण्याने भरली, वजन ७४.०६६. आता विचार करा. नुसत्या पाण्याच्या कुपीत १० ग्रॅम माती पडल्यावर वजन १० ग्रॅमने वाढावयास हवे होते; वाढले मात्र ६.३०७ ग्रॅमने. उरलेले ३.६९३ ग्रॅम पाणी मातीच्या कणांनी बाहेर ढकलले. दहास ३.६९३ ने भागून आलेल्या संख्येस त्या दिवशीच्या पाण्याच्या घनतेने, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला ०.९९७० ने गुणले, की उत्तर येते २.७०. ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर हे त्याचे एकक.

कृती एवढीच. तिच्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण हवेचे. माती कोरडी असताना तिच्या रवाळ कणांच्या पोटात हवा असते, आणि पाणी घातल्याबरोबर ती निघून जात नाही. विशेषतः काळ्या मातीचे कण बाहेरून ओले होऊन फुगतात व आतील हवा कोंडतात. म्हणून कुपी अर्धी भरून मंद आचेवर काही मिनिटे उकळावी लागते, मधूनमधून हलक्या हाताने फिरवावी लागते, आणि फेस वर येऊन माती उतू जाणार नाही इकडे डोळा ठेवावा लागतो. निर्वात पंप असल्यास उत्तम. कुपीत भरावयाचे शुद्ध पाणीही आधी उकळून थंड केलेले असावे, कारण पाण्यात विरघळलेली हवाही पुढे बुडबुडे धरते. ही दक्षता न घेता केवळ ०.२ मिलिलिटर हवा, म्हणजे पाण्याच्या चार थेंबांएवढी, आत राहिली, तर वरील उदाहरणात २.७० चे २.५६ होतात. चार थेंबांची ही किंमत आहे.

दुसरे ठिकाण उष्णतेचे. उकळलेली कुपी पुरती थंड न होताच भरली, अथवा एक वजन सकाळी व दुसरे भर दुपारी घेतले, तर पाणीच हलके झालेले असते. २५ अंशांवरील पाण्याची घनता ०.९९७० असते, ३० अंशांवर ती ०.९९५७ होते. फरक क्षुल्लक दिसतो. परंतु पाच अंशांच्या या फरकाने २.७० चे सुमारे २.६६ होतात. कुपी तळहातात धरून पुसत बसणे हाही असाच प्रकार. हाताच्या उबेने पाणी फुगते व छिद्रातून निसटते. कुपी मानेपाशी दोन बोटांनी धरावी. चांगल्या प्रयोगशाळेत तापमापक कुपीच्या शेजारीच ठेवलेला असतो. तो कोठे आहे हे शोधावे लागले तर काय समजावयाचे ते समजावे.

तिसरे ठिकाण ओलाव्याचे, आणि सर्वांत मोठी घसरगुंडी हीच आहे. सावलीत वाळविलेली माती आपण कोरडी म्हणतो. ती कोरडी नसते. भारी काळ्या मातीत हवेत वाळविल्यानंतरही शंभर भाग कोरड्या मातीमागे आठ भाग पाणी सहज असू शकते. हे पाणी १०५ अंशांच्या भट्टीत वाळविल्यावरच जाते. भट्टीत वाळविलेली मातीच कुपीत घालावी असे कोणी म्हणेल. परंतु चिकण माती भट्टीत वाळविली की तिचे खडे कठीण होतात व त्यांतील हवा पुढे निघता निघत नाही. म्हणून हवेत वाळलेली मातीच कुपीत घालावी, त्याच वेळी तिचा दुसरा भाग भट्टीत ठेवून ओलावा काढावा, आणि हिशेबात कोरडे वजन धरावे, ही पद्धत अधिक बरी. हिशेबातील हे पाऊल गाळले तर काय होते? दहा ग्रॅम माती म्हणून आपण जे तोलतो, त्यात खरी माती ९.२६ ग्रॅम व पाणी ०.७४ ग्रॅम असते. ते पाणीही मातीचा कण म्हणून मोजले जाते. आणि उत्तर येते २.७० ऐवजी २.४०.

तात्यांच्या अहवालातील आकडा हाच होता. त्यांच्या शेतातील माती पुन्हा दोन कुप्यांत, ओलाव्याचा हिशेब धरून पाहिली. कणघनता २.७० आली. स्थूलघनता पूर्वीचीच, १.४०, ती मात्र भट्टीत वाळवून नीट काढलेली होती. सच्छिद्रता झाली ४८.१ टक्के आणि वाफशावरील हवेची जागा दहा टक्क्यांच्या किंचित वर. फार मोकळी जमीन नव्हे, पण गुदमरलेलीही नव्हे. पिवळेपणाचे कारण दुसरीकडे शोधावयास हवे होते, आणि पाण्याच्या पाळ्या लांबविल्यावर त्याचा बराचसा उलगडा झाला. निम्म्या शेतात सबसॉयलर चालला तो अगदीच वाया गेला असे मी म्हणत नाही. परंतु ज्या कारणासाठी तो खर्च करविला, ते कारण त्या जमिनीत नव्हते.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या प्रयोगशाळेने काहीही न मोजता २.६५ हा आकडा धरला असता, तर सच्छिद्रता ४७.२ टक्के आली असती. म्हणजे मोजलेल्या चुकीच्या आकड्यापेक्षा मानलेला आकडा सत्याच्या कितीतरी जवळ गेला असता. नोंदवहीतील तो तरुण या प्रसंगी अधिक बिनचूक ठरला असता. हे मला सोयीचे नाही, तरी खरे आहे. म्हणून 'मोजा, मोजा' एवढेच ओरडण्यात अर्थ नाही. हयगयीने मोजलेला आकडा हा मानलेल्या आकड्याहून घातक, कारण त्याला मोजमापाची प्रतिष्ठा असते.

मग २.६५ वरच का थांबू नये? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर तो आकडा कोठून आला यात आहे. २.६५ ही गारगोटीच्या खनिजाची, म्हणजे क्वार्ट्झची घनता होय. ज्या प्रदेशांतील माती मुख्यतः गारगोटीच्या वाळूची, तेथे हा आकडा चपखल बसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागांत जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकांवरील जमिनी आहेत. तेथे त्याचा उपयोग समजण्यासारखा आहे. परंतु आपल्या राज्याचा फार मोठा भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर उभा आहे, आणि या खडकात गारगोटी मुळातच नाममात्र. त्यात फेल्स्पार आहे, त्याहून जड, तीनहून अधिक घनतेचे पायरॉक्सीन आहे, आणि पाचहून अधिक घनतेचे, चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइट आहे. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवून त्याला काळी मिशी फुटलेली शाळेतील मुलांनी पाहिलेली असते. मात्र खडक जड म्हणून माती जड, असेही सरळ म्हणता येत नाही. कारण खडक झिजून जी फुगणारी चिकण माती होते, तिची घटना अगदी वेगळी असते.

कोकणातील जांभ्याच्या जमिनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या लाल रंगामागे लोहाची भस्मे आहेत. त्यांपैकी हेमाटाइटची घनता सुमारे ५.२. शंभर भाग मातीत दहा भाग हेमाटाइट व बाकी गारगोटीसारखे कण असतील, तर कणघनता २.७९ वर जाते. परंतु याच जांभ्यात ॲल्युमिनियमचे गिब्साइट नावाचे खनिजही असते, आणि त्याची घनता केवळ २.४ च्या आसपास. म्हणजे एक खनिज वर ओढते, दुसरे खाली. माती लाल दिसते म्हणून ती जड, हा तर्क करून पाहणाऱ्याची फसगत होण्याचा संभव आहे. डोळ्याने जे ठरत नाही, त्याचसाठी कुपी आहे.

सेंद्रिय पदार्थाचेही येथेच सांगून टाकतो. कुजलेल्या शेणखताचा अंश फार हलका, कणघनता सव्वाच्या आसपास. खनिज कणांची घनता २.७० असलेल्या मातीत वजनाने दोन टक्के सेंद्रिय पदार्थ असला, तर ती २.६४ पर्यंत उतरते. त्यामुळे एकाच खड्ड्यातील वरचा थर व खालचा थर यांत फरक पडू शकतो, आणि दोन्हींचे नमुने वेगळे ठेवावे लागतात.

सच्छिद्रतेत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. कणघनता २.६५ ऐवजी खरोखरी २.८० असेल, तर १.४० स्थूलघनतेच्या जमिनीची सच्छिद्रता ४७.२ ऐवजी ५० टक्के होते. वरच्या एक फूट थरात, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरांत, हा फरक हेक्टरी चौऱ्याऐंशी हजार लिटर जागेचा आहे. ही जागा असताना ती नाही असे धरून दिलेला चर खणण्याचा सल्ला, किंवा ती नसताना आहे असे धरून दिलेली पाण्याची पाळी, दोन्ही शेतकऱ्याच्या खिशातून जातात. मातीतील वाळू, पोयटा व चिकण यांचे प्रमाण काढण्याच्या पद्धतीतही हाच आकडा दडलेला आहे. पाण्यात कण किती वेगाने तळाशी बसतो, हे तो पाण्याहून किती जड यावर अवलंबून असते, आणि प्रयोगशाळेतील हायड्रोमीटरवरील खुणा सामान्यतः २.६५ धरूनच आखलेल्या असतात. कण २.८५ घनतेचे निघाले तर ते बारा टक्के अधिक वेगाने खाली बसतील. आणि आपण मात्र जमिनीत चिकण कमी असल्याचे लिहून मोकळे होऊ.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक मत असे, की कणघनता ही महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाची बाब आहे. शेतकऱ्यास तिचे काय? दुसरे मत अलीकडील उत्साही मंडळींचे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जमिनीच्या घडणीविषयी, तिच्या पोकळीविषयी त्यात एकही रकाना नाही. तेव्हा कणघनता व स्थूलघनता हे दोन रकाने प्रत्येक पत्रिकेत वाढवावेत, असे ही मंडळी म्हणतात. त्यांची तळमळ मला मान्य आहे, मागणी मान्य नाही. हजारो नमुन्यांच्या रगाड्यात कुपी उकळण्यास व थंड करण्यास वेळ कोण देणार? रकाना वाढेल आणि त्यात वरपासून खालपर्यंत २.६५ उतरविले जातील. तो तरुण साहाय्यक मला पुन्हा दिसू लागतो.

माझे मत असे आहे. कणघनता प्रत्येक शेतकऱ्याची मोजण्याची गरजच नाही. कारण ती नांगरटीने वा खताच्या एका मात्रेने बदलत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने जमिनींची मृदामालिकांत विभागणी केलेली आहे. प्रत्येक तालुक्यात अशा ज्या थोड्या मुख्य जातींच्या जमिनी असतील, त्यांचे वरचे व खालचे थर एकदाच, पण नीट मोजावेत. प्रत्येक नमुन्याच्या निदान दोन कुप्या लावाव्यात, आणि दोघींच्या उत्तरांत ०.०३ हून अधिक अंतर पडले तर दोन्ही ओतून देऊन पुन्हा आरंभ करावा. क्षारयुक्त जमिनींसाठी पाण्याऐवजी शुद्ध केलेले रॉकेल वापरावे, कारण पाण्यात क्षार विरघळतात व ते कणांत मोजले जात नाहीत. अर्थात मग हिशेबात रॉकेलची घनता धरावी लागेल. बांधकामाच्या मातीसाठी लिहिलेल्या भारतीय मानक २७२० च्या तिसऱ्या भागात या कुपीची कृती दिलेली आहे. ती शेतीच्या प्रयोगशाळेने आपलीशी करण्यास काही अडचण नाही. अशा रीतीने काढलेला आकडा त्या जातीच्या जमिनीस एक पिढीभर पुरेल. अचूक तराजू, भट्टी, चार कुप्या व तापमापक याहून अधिक सामग्री लागत नाही. लागतो तो एका माणसाचा निवांत आठवडा, आणि तोच आमच्या कार्यालयांत सर्वांत महाग झालेला आहे.

असा आकडा जोवर हाती नाही, तोवर २.६५ जरूर धरावा. त्यात कमीपणा नाही. मात्र त्यापुढे 'गृहीत' हा शब्द लिहावा. अहवाल तयार करणाऱ्यांस एवढी एक सवलत वरिष्ठांनी द्यावी, की रकाना रिकामा ठेवला तरी चालेल आणि गृहीत असे लिहिले तरी चालेल. अक्षरे तीन आहेत. परंतु ती वाचून सल्ला देणारा एक क्षण थांबेल, आणि तात्यांसारखा शेतकरी ट्रॅक्टर बोलाविण्यापूर्वी एक खड्डा घेऊन पाहील.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपली शक्ती कुपीत नव्हे, स्थूलघनतेत खर्च करावी. ती बदलती असते आणि ती शेतातच मोजावी लागते. त्यासाठी पातळ, धारदार कडेचे लोखंडी नळकांडे पुरे. आतून पाच सेंटिमीटर व्यास व पाच सेंटिमीटर उंची असेल, तर त्यात ९८.२ घन सेंटिमीटर माती मावते. ते जमिनीत सरळ व सावकाश दाबावे, हातोड्याचे घाव घालून माती आवळू नये, बाजूने खणून काढावे, दोन्ही तोंडे सुरीने साफ करावीत, आणि सर्व माती पिशवीत भरून भट्टीपर्यंत पोहोचवावी. कोरडी माती १३७.५ ग्रॅम भरली, तर स्थूलघनता १.४०. काळी जमीन ओली असताना फुगते व वाळताना आकसून भेगाळते. त्यामुळे तिचे माप उन्हाळ्यातील ढेकळावर एक येते आणि वाफशावर दुसरे. शक्य तोवर वाफशावरच घ्यावे व तसे लिहावे.

प्रयोगशाळेस कणघनतेसाठी नमुना पाठवावयाचा असेल तेव्हा तो उकिरड्याची जागा, झाडाखालची जागा व बांधालगतची पट्टी टाळून घ्यावा. मुरमाचे खडे दोन मिलिमीटरच्या चाळणीवर वेगळे काढून त्यांचे वजन निराळे लिहावे, कारण मुरमाच्या पोटातही बंद पोकळ्या असतात व त्या कुपीतून निघत नाहीत. पिशवीवरील चिठ्ठीत गट क्रमांक, थराची खोली, जमिनीची जात व तारीख ही चार माहितीची कलमे असतातच. त्यांखाली पाचवी ओळ आपल्या हाताने लिहावी : 'कणघनता मोजून पाठवावी. मोजली नसल्यास तसे लिहावे.'